चार नटांवरचा एकच टवका

जाहिरातीच्या शेवटी ‘विकायची घाई नाही’ असं लिहिलं होतं, आणि माझ्या संशयाला तिथूनच सुरुवात झाली. ज्याला घाई नाही तो जाहिरात देतो कशाला? साठेक वर्षांपूर्वीची, दोन माणसांची, छप्पर मागे दुमडणारी विलायती स्पोर्ट्स कार, कोल्हापुरात पूर्ण नव्याने उभी केलेली, ‘सर्व भाग मूळचे’, आणि विकायची घाई नाही. अरुणने ती जाहिरात माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, यात एक वाक्य खरं असेल तर दुसरं खोटं आहे. तो म्हणाला, तू पुढे वाच.

अरुण म्हणजे माझा नवरा. नाशिकच्या एकाच कॉलेजात आम्ही दोघांनी जन्म काढला, त्याने भौतिकशास्त्र शिकवलं आणि मी रसायन. शिवाय मी अकरा वर्षं परीक्षांच्या भरारी पथकात होते. मुलगा खरंच लिहितोय की लिहिण्याचं नाटक करतोय, हे मला वर्गाच्या दारातून कळायचं. कॉपी पकडायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे चूक. बरोबर उत्तरं दोघांची सारखी येऊ शकतात, पण दोघांची चूक एकाच ओळीत आणि एकाच आकड्यात आली की समजावं, एकाने दुसऱ्याचं उतरवलंय. ही सवय निवृत्तीनंतर सुटत नाही. भाजीवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांना तिचा त्रास आहे.

अरुणने तशी गाडी विद्यार्थी असताना एकदाच जवळून पाहिली होती. तेव्हापासून त्याच्या डोक्यात ती बसली ती बसलीच. चाळीस वर्षं आम्ही ती घेतली नाही, कारण शहाणी माणसं असल्या गाड्या घेत नाहीत. पण गेल्या वर्षी त्याच्या डोळ्यांचं निघालं. पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, आणि गाडी चालवायला अजून दोन-तीन वर्षं आहेत, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं त्याने घरी येऊन मला सांगितलं. डॉक्टरांकडे तो एकटाच जायचा. मी बरोबर असले की फार प्रश्न विचारते, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खरं आहे.

म्हणून ही गाडी आता हवी होती. सिन्नरच्या बाजूला आमचा एक छोटा प्लॉट होता, तो विकायचं ठरलं. गाडी खोटी निघाली तर प्लॉट गेला असता, पण त्याचं मला एवढं काही नव्हतं. त्याची ती उरलेली दोन वर्षं कुठल्यातरी गॅरेजच्या बाकड्यावर चहा पीत गेली असती, याची मला खरी धास्ती होती. ते मी होऊ देणार नव्हते. दसऱ्याला जोडून सुट्ट्या होत्या. आम्ही आमची जुनी छोटी गाडी काढली आणि निघालो.

अष्टमी

हमरस्त्याचं वर्णन करत नाही, सगळे हमरस्ते सारखेच असतात. अरुणची पाठ धरली होती म्हणून गाडी मीच चालवली. कराड मागे पडल्यापासून फोन सुरू झाले.

“पावणं, कुठवर आलायसा?”

हे बसवराज, गाडीचे मालक. दर अर्ध्या तासाला फोन. आमच्याकडे नाशिकला विकणारा माणूस घरात बसून राहतो आणि घेणाऱ्याने पत्ता शोधत यायचं असतं. इथे मालक तावडे हॉटेलच्या चौकात उन्हात उभे होते. पन्नाशीचे, कपाळाला विभूती, पांढरा शर्ट, आवाज असा की रस्त्यापलीकडच्या माणसाने वळून पाहावं. मूळचे कर्नाटकाच्या सीमेजवळच्या नेसरीचे, आजऱ्याला काजूचा कारखाना, घर कोल्हापुरात. मी अरुणला हळूच म्हटलं, आपण एकटे गाडीपाशी पोचू नये म्हणून हा माणूस इथे येऊन थांबलाय.

“आधी गाडी बघू,” मी म्हणाले.

“गाडी कुठं पळून जातीया अक्का, आधी जेवा,” ते म्हणाले. नेसरीकडे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, हे मला ठाऊक होतं. भेटल्यापासून दोन मिनिटांत कुणी मला बहीण केली की मी पर्स घट्ट धरते.

घरी त्यांच्या आईंनी पाट मांडले होते. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, काजूची दाट आमटी आणि आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा भात. त्या भाताचा वास वाफेबरोबर आधी आला आणि मग ताट आलं. आम्ही नाशिकची माणसं तिखट खातो असा आमचा समज आहे, तो पहिल्या घासाला गेला. आईला बसवराज ‘अव्वा’ म्हणत होते, आणि दोघं आमच्याकडे बघत एकमेकांशी कानडीत बोलत होते. समोरासमोर दुसऱ्या भाषेत बोलतात म्हणजे काहीतरी शिजतंय. शेवटी मी विचारलंच. बसवराज हसले. “अव्वा म्हणतीया, बाईंनी तूप न्हाय घेतलं, रागावल्यात काय बघ.”

जेवण झालं, वामकुक्षी झाली, चहा झाला. गाडी उद्या, असं ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. संध्याकाळी ते आम्हाला गंगावेशीत दूध प्यायला घेऊन गेले. तिथे कट्ट्यावर म्हशी बांधलेल्या असतात, गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढतो आणि फेसाळलेला कोमट ग्लास हातात देतो. हे गाव मला त्या एका गोष्टीसाठी आवडलं. पाणी घातलंय का, हा प्रश्नच ठेवला नाही कुणी. मी तरी गवळ्याच्या हाताकडे बघत राहिले, आणि तो माझ्याकडे बघत म्हणाला, “बघा की वैनी, नीट बघा, त्यासाठीच काढतूया म्होरं.” अरुण मिशीला फेस लावून हसत होता. मी त्याला म्हटलं, हा माणूस समोर दूध काढतो आणि तुझे बसवराज गाडी मात्र झाकून ठेवतात.

खंडेनवमी

दुसऱ्या दिवशी सकाळी उद्यमनगरात गेलो. एरवी या भागात लेथचा आणि घणाचा आवाज थांबत नाही म्हणे. त्या दिवशी सगळं शांत होतं. एकेका शेडच्या दारात रांगोळी, आत टेबलावर पाने, हातोडे, ड्रिल, कानशी मांडलेल्या, वर झेंडूची फुलं आणि हळदकुंकू. खंडेनवमी मला माहीत आहे, आमच्याकडेही विळीला फूल वाहतात आणि मग त्याच विळीने भाजी चिरतात. इथे तसं नव्हतं.

गाडी शेडच्या मध्यावर उभी होती, पुढच्या जाळीला भला मोठा हार. खोटं कशाला बोलू, मीही पर्सवरचा हात काढला. बुटकी, लालभडक, लांब नाकाची, तारांच्या चाकांची, पोलाद नुसतं चमकत होतं. अरुण तिच्याभोवती हात फिरवत फिरत होता. दारावरून, बॉनेटवरून, सीटच्या शिवणीवरून.

“चालू करा,” मी म्हणाले.

बसवराजनी शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. हे कासमभाई. जुनं यंत्र समोर ठेवा, त्याचा हरवलेला भाग ते ओतून देतात. आधी लाकडाचा नमुना करायचा, मग वाळूत त्याचा ठसा, मग ठशात धातू. ही गाडी दोन वर्षं त्यांच्याच हाताखाली होती. डोक्यावर जाळीची टोपी, हाताच्या बोटांना जुने भाजल्याचे डाग. त्यांच्याही कानशी आणि पटाशा त्या टेबलावर झेंडूखाली मांडलेल्या होत्या.

“आज न्हाय चालू हुनार,” ते म्हणाले.

“का?”

“आज यंत्राला इसावा. हत्याराला पन हात लावायचा न्हाय. उद्या पूजा उठली की बघा, काय खोलायचं त्ये खोला.”

“मग आम्हाला आजच कशाला बोलावलंत?”

“आज लई झ्याक दिसतीया न्हवं,” बसवराज म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. गिऱ्हाइकाला गाडी दाखवायची तर ती हार घालून, धुऊनपुसून उभी असेल त्या दिवशी दाखवावी, त्या दिवशी ती हलणार नाही याला कोण काय करणार. मला हे अजिबात पटलं नाही. नाशिकहून इतक्या लांब माणसं बोलवायची आणि पाना उचलायला बंदी असलेला दिवस निवडायचा, हा मला व्यवस्थित आखलेला डाव वाटला. एक चाक काढून बघू म्हटलं तर हातोडा पूजेत. प्लग बघू म्हटलं तर पाना पूजेत. मी अरुणकडे बघितलं. तो म्हणाला, “असू दे गं, सणाचा दिवस आहे.”

मग मी जे हातात काही नसताना परीक्षेच्या हॉलमध्ये करायचे तेच केलं. हळूहळू फेऱ्या मारल्या. गाडीला उजवीकडून, डावीकडून, वाकून, बसून पाहिलं. या जुन्या गाड्यांच्या चाकांना पाच-सहा बोल्ट नसतात. चाकाच्या मधोमध एकच मोठा नट असतो, त्याला दोन कान, आणि त्या कानांवर हातोडा मारून तो आवळायचा किंवा सोडवायचा. पुढच्या डाव्या नटाच्या एका कानाचा कोपरा उडालेला होता. टवका नखाएवढाच, पण आकार वेडावाकडा, एका बाजूला टोक. जुनी गाडी म्हटल्यावर टवका असणारच. मी मागच्या चाकाकडे गेले. तिथल्या नटालाही टवका होता. तोच आकार, त्याच कानाला, त्याच बाजूला टोक. उजवीकडे गेले. दोन्ही नटांना तसाच.

साठेक वर्षांत चार चाकांना चार वेगळे हातोडे बसले, आणि चौघांचा टवका एकाच जागी एकाच आकाराचा. माझ्या अंगावर जुना आनंद सरसरून आला. मी फोनमध्ये चारी फोटो काढले आणि मग बसवराजना हाक मारली.

“यातले मूळचे किती?”

त्यांनी फोटो बघितले, नट बघितले, आणि कासमभाईंकडे बघितलं. मला वाटलं आता सारवासारव सुरू होणार. कासमभाई सरळ म्हणाले, “एक. म्होरचा डावा. बाकीचं तीन मी वतल्यात.”

“आणि टवका?”

“त्यो पन वतलाय. मालक म्हनालं हुबेहूब पायजे. मी म्हनलं टवका भरून घिऊ का, तर मन हुईना. मूळचं हाय त्ये, त्येच्यावर आपून कशाला हुशारी करायची?” लाज वगैरे काही नव्हती. उलट टवक्याच्या टोकावरून बोट फिरवून ते म्हणाले, “हे टोक वाळूत धरत न्हवतं. चार येळा मोडलं.”

“पण जाहिरातीत सर्व भाग मूळचे लिहिलंय.”

“त्ये चुकलंच,” बसवराज म्हणाले. “मी ल्हिवलं. तीन नटासाठनं कोन बघतंय म्हनलं.”

एवढ्या सहज कबुलीवर माझा विश्वास बसत नाही. परीक्षेत पहिली चिठ्ठी चटकन काढून देणाऱ्याच्या मोज्यात दुसरी असते. जो तीन नटांबद्दल लिहीत नाही तो इंजिनाबद्दल काय लिहिणार? लॉजवर परतल्यावर मी अरुणपुढे फोन धरला. “बघ, चारही टवके बघ.” त्याने बघितलं, “हं” म्हणाला आणि फोन परत दिला. “टवक्याने काय होतंय? नट घट्ट बसतो ना?” आम्ही भांडलो. म्हणजे मी भांडले, तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. शेवटी म्हणाला, “मला ती एकदा चालवू दे. मग तू म्हणशील तसं.” इतक्या हळू आवाजात तो कधी बोलत नाही. गाडीचं वेड म्हणून मी ते सोडून दिलं.

दसरा

सकाळी पूजा उठली. कासमभाईंनी कानशी पुसून कापडात गुंडाळल्या, बसवराजनी चावी फिरवली आणि गाडी दुसऱ्या झटक्याला चालू झाली. आवाज जाड होता, कापडाचा तागा उलगडल्यासारखा सलग. अरुण डोळे मिटून ऐकत होता.

“आज शिलंगण,” बसवराज म्हणाले. “गावाची हद्द वलांडायचीच अस्तीया. चला आजऱ्याला, कारखाना बघा, रस्त्यात गाडी बघा. तितं आवार मोकळं हाय, पावन्यांनी हवी तेवढी चालवावी.”

पुढे ते आणि कासमभाई त्या गाडीत, मागे आम्ही आमच्या गाडीत. अरुण माझ्या शेजारी. गारगोटीपर्यंत रस्ता उसातून जातो, दोन्हीकडे ऊस डोक्याच्या वर गेलेला. प्रत्येक ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा, प्रत्येक दारात आपट्याची फांदी. गारगोटीच्या बाजारात पुढची गाडी थांबली की माणसं गोळा व्हायची आणि कुणीतरी मोठ्याने विचारायचं, “किती देती?” आमच्याकडे असलं कुणी मालकाला तोंडावर विचारत नाही, मनात हिशेब करतं. बसवराज तितक्याच मोठ्याने उत्तर द्यायचे, “तुज्या म्हशीएवडं न्हाय.” गारगोटीनंतर डोंगर जवळ आले, रस्ता वळू लागला, आणि उसाच्या जागी काजूची झाडं दिसू लागली. हवा थंड झाली. दोन दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं, घ्यावी का?

तेवढ्यात त्या गाडीचं मागचं उजवं चाक बसलं. पंक्चर.

दोन्ही गाड्या एका वडाखाली घेतल्या. बसवराजनी जॅक लावला, कासमभाईंनी शिशाचा जड हातोडा काढला आणि नटाच्या कानावर तीन घाव घातले. नट सुटला. मी अगदी बाजूला उभी होते, अर्थातच. आणि मला दिसलं की नटावर एक बाण आहे. कुठल्या दिशेला मारला की नट उघडतो ते दाखवणारा, ओतीव. कासमभाईंनी घाव घातले होते ते बाणाच्या उलट दिशेला.

“कासमभाई, बाण इकडे आहे. तुम्ही तिकडे मारलंत.”

“हिकडंच उगडतंय त्ये,” ते म्हणाले. “उजव्या बाजूचं आटं उलटं असत्यात. डाव्या चाकाचं एकीकडं उगडतंय, उजव्याचं दुसरीकडं. न्हायतर चालताना सुटत्याल.”

“मग बाण चुकीचा आहे.”

त्यांनी नट हातात घेतला. टवका बघितला, बाण बघितला. मग त्या गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन मूळचा नट बघून आले आणि रस्त्याच्या कडेला खाली बसले. मला काय झालंय ते कळायला थोडा वेळ लागला, पण त्यांना एका क्षणात कळलं होतं. मूळचा एकच नट, तो डाव्या बाजूचा. त्याच्यावरून बाकीचे तिन्ही केले. आटे त्यांनी बरोबर पाडले होते, डाव्या बाजूचे सुलटे आणि उजव्या बाजूचे उलटे, कारण आटे हाताला कळतात. पण बाण टवक्यासारखाच जसाच्या तसा उतरला. उजवीकडच्या दोन्ही नटांवर तो उलटा होता.

“दोन वरसं झाली,” ते म्हणाले. “शंभरदा चाक काडलं आसंल. बान बघितलाच न्हाय कुनी.”

कोण बघणार? इथे माणसं हाताने ओळखतात. घाव घातला की नट आवळतोय की सुटतोय हे मनगटाला समजतं, मग बाण कशाला वाचायचा? पण ही गाडी नाशिकला जाणार होती, आमच्या घरी. आणि अरुण आयुष्यभर प्रत्येक गोष्ट छापील सूचनेप्रमाणे करत आला आहे. मिक्सरचं पुस्तकसुद्धा त्याच्या कपाटात फायलीला लावून ठेवलेलं असतं. चाक आवळताना त्याने बाण पाहिला असता, बाणाच्या उलट दिशेला मोजून पाच घाव घातले असते, नट सैल झाला असता, आणि तो समाधानाने गाडीत बसून निघाला असता. शेजारी मी. मी कासमभाईंच्या हातातून नट घेतला आणि अरुणपुढे धरला.

“बघ. बाण बघ कसा आहे. उलटा आहे की नाही?”

त्याने नट घेतला, उन्हाकडे धरला, नीट न्याहाळला. “हो,” तो म्हणाला. “अगदीच उलटा आहे. बरं झालं तुझ्या लक्षात आलं.”

मी घाईत नट पालथा दिला होता. त्याच्यासमोर नटाची आतली बाजू होती. तिथे बाण नव्हताच. तिथे काहीच नव्हतं.

उत्तर बरोबर आणि रीत नाही, असं असलं की ते शेजाऱ्याचं असतं. हे मी अकरा वर्षं पोरांना सांगितलं. भर दुपारच्या उन्हात माझा नवरा माझ्याकडून ऐकलेलं उत्तर मलाच परत देत होता. मग तीनदा वाचून घेतलेली जाहिरात, फोटोंवरचं ते “हं”, दोन दिवस धरलेली पाठ, सगळं माझ्यापुढे आलं. कासमभाईंनीही ते पाहिलं होतं. त्यांनी अरुणच्या हातातला नट उलटा केला, त्याचा अंगठा धरला आणि बाणावर टेकवला. “हितं हाय सर,” ते म्हणाले. अरुणचा अंगठा बाणावरून एकदा फिरला आणि तिथेच थांबला.

मी त्याला रस्त्यापलीकडे काजूच्या झाडांत घेऊन गेले. “कधीपासून?”

“पाडव्यापासून.”

“डॉक्टरांनी काय सांगितलंय? खरं सांग.”

“गाडीला हात लावू नका म्हणालेत. तेव्हाच.” मग म्हणाला, “कडेचं दिसतं गं. समोरचं नाही दिसत. तुझा चेहरा नाही दिसत, कानातले दिसतात.”

“मग ही गाडी घेऊन काय करणार होतास?”

“घ्यायची नव्हतीच. मोकळ्या जागेत एकदा चालवायची होती. तुला सांगितलं असतं तर तू आणलं नसतंस.”

नसतंच आणलं. मी खूप रागावले होते आणि रडतही होते. दोन दिवस मी एका काजूवाल्याच्या आणि एका ओताऱ्याच्या मागे लागले होते की ते माझ्या नवऱ्याला फसवतील, आणि सगळ्यात मोठी कॉपी माझ्या शेजारच्या सीटवर बसून नाशिकहून आली होती. सात महिने मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं की डॉक्टरांचा कागद दाखव. जावयाची पगारपत्रकं मी तपासली होती.

चाक बदललं आणि आजरा गाठला. कारखाना सणामुळे बंद होता, हवेत भाजलेल्या काजूच्या टरफलांचा तेलकट वास. मी बसवराजना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, अगदी आम्ही गाडी घेणार नव्हतोच हेसुद्धा. ते रागावले. “मंग दोन दिस आमास्नी नाचवलं व्हय, अक्का?” मी म्हटलं, हो. मलाही नाचवलं. त्यांनी अरुणकडे पाहिलं. तो गाडीच्या दारावर हात ठेवून उभा होता. मग ते वॉचमनला ओरडले, “काजू वाळवायचे ट्रे सगळे उचल, भिंतीला लाव. गेट लावून घे.” आणि चावी माझ्या हातात दिली.

कासमभाईंनी आधी दोन्ही उजव्या नटांवरचे बाण कानशीने घासून टाकले. मी म्हटलं, आम्ही घेत नाही, तुम्ही कशाला त्रास घेता? ते म्हणाले, “दुसरं कोन तर घील की.” बसवराजनी त्यात भर घातली, की नवे नट ओतून होईपर्यंत गाडी कुणालाच द्यायची नाही, मोठा राजा आला तरी. मला त्यांच्याबद्दल दोन दिवस जे वाटलं होतं त्याची लाज वाटली, आणि ते मी त्यांना तिथेच सांगितलं.

अरुण चाकामागे बसला, मी शेजारी. पहिल्या गिअरमध्ये गाडी सुटली. “सरळ,” मी म्हणत होते, “सरळ, सरळ, आता उजवीकडे घे, अजून, बास, सरळ.” कासमभाई एका कोपऱ्यात आणि बसवराज दुसऱ्या कोपऱ्यात उभे होते, आणि आम्ही जवळ आलो की आपापल्या कोपऱ्यातून ओरडायचे, “हितं भिंत हाय.” दुसऱ्या फेरीला त्याने दुसरा गिअर टाकला. मी जीव मुठीत धरून बसले होते आणि त्याला थांब म्हणत नव्हते. चौथ्या फेरीला मी काही सांगायच्या आत तो वळला, बरोबर वळला. सहा फेऱ्या झाल्यावर त्याने आपणच गाडी मधोमध आणून बंद केली, चावी काढली आणि डोळे पुसले. “बास,” म्हणाला.

निघताना बसवराजनी दोघांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि डिकीत घनसाळ तांदळाची पिशवी टाकली. तिच्याकडे मी संशयाने पाहिलं नाही.

परतीला मी गाडी चालवत होते. उत्तूर मागे पडलं. मग अरुण म्हणाला, “त्यांना तो लाल काही नीट जमला नव्हता, नाही? मला जरा विटकरी वाटला.”

तो लाल इतका स्वच्छ होता की उन्हात त्याच्याकडे बघवत नव्हतं. दोन दिवस मी त्या गाडीत खोट शोधत होते, आणि रंगात मला ती सापडली नव्हती.

“विटकरीच होता,” मी म्हणाले. “नाही घेतली ते बरं झालं.”